शाळेभोवतीची खाऊची दुकाने आणि विषमता: मोजायचे काय, हटवायचे काय

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या दिशेला जातात. तुम्ही विचारले आहे की शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांभोवती वेफर्स, गोळ्या, शीतपेये आणि तळलेले पदार्थ विकणारी दुकाने जास्त असतात आणि सुखवस्तू भागांतल्या शाळांभोवती कमी, हे खरे की नुसता भास? आणि खरे असेल, तर ती हटवली की मुलांच्या तब्येतीतली तफावत कमी होईल का? तुमच्या पालक समितीला पालिकेकडे अर्ज द्यायचा आहे, म्हणून गोलमाल उत्तर नको आहे. पहिल्याचे उत्तर बहुतांशी होय. दुसऱ्याचे उत्तर, नुसती दुकाने हटवून नाही. शाळांच्या परिसरातल्या खाद्यविक्रीच्या पाहण्या करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, तेव्हा अर्जाला उपयोगी पडेल इतके सविस्तर लिहिते.

शिकागोतल्या शाळांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या ७८ टक्के शाळांपासून ८०० मीटरच्या आत फास्ट फूडचे किमान एक दुकान होते. दुकाने शहरभर कशीही विखुरलेली असती तर शाळेपासून दीड किलोमीटरच्या टापूत जितकी सापडली असती, त्याच्या तिप्पट-चौपट प्रत्यक्षात सापडली. यावरून दुकानदार शाळा हेरूनच येतात असे लगेच म्हणू नका. शाळाही रहदारीच्या रस्त्यालगत असतात, बसथांबा तिथेच असतो, आणि दुकानालाही तेच हवे असते. गरिबीशी थेट संबंध दाखवणारे चित्र इंग्लंडमध्ये जास्त स्पष्ट आहे. तिथल्या सरकारी आरोग्ययंत्रणेने भागवार मोजणी केली, तेव्हा जितका भाग वंचित तितकी लोकसंख्येच्या मानाने फास्ट फूडची दुकाने जास्त, असे निघाले. त्याच देशात दरवर्षी शाळकरी मुलांची उंची-वजने घेतली जातात, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांमध्ये सर्वांत वंचित भागातले लठ्ठपणाचे प्रमाण सर्वांत संपन्न भागाच्या दुपटीहून जास्त भरते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की जुळतात. ते जुळले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, आणि बहुतेक अर्ज इथेच घसरतात.

तुमचे सदस्य उद्या वही घेऊन बाहेर पडतील, म्हणून मोजणीबद्दल आधी सांगते. परवान्यांच्या यादीवरून मोजलेत तर हातगाड्या, टोपलीवाले, घराच्या खिडकीतून विकणाऱ्या बायका यांपैकी काहीच त्यात येणार नाही. गरीब वस्तीत मुलांची निम्मीअधिक खरेदी तिथेच होत असू शकते. उलट सुखवस्तू भागातले महागडे रेस्टॉरंट यादीत ‘खाद्यगृह’ म्हणून एक धरले जाते आणि शाळेच्या भिंतीला टेकलेली टपरीही एकच. एकात शाळकरी मूल गणवेशात कधी पाऊल टाकत नाही, दुसरीत रोज टाकते. अशी बेरीज करून ‘दोन्ही भागांत दुकाने सारखीच’ असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी पाहिले आहेत. शाळेभोवती कंपासने काढलेले वर्तुळही फसवते. मधे रेल्वेमार्ग, नाला किंवा मोठी कुंपणाची भिंत असेल तर नकाशावर दोनशे मीटरवर दिसणारे दुकान चालत एक किलोमीटरवर असते. मुले ज्या वाटेने येतात-जातात त्या वाटेवर मोजा. आणि वेळ लिहा. सकाळी अकराला रिकामा दिसणारा फुटपाथ शाळा सुटताना वेगळाच असतो.

आता दुकानाच्या आत काय असते ते बघू, कारण खरी तफावत संख्येपेक्षा तिथे जास्त दिसते. गरीब वस्तीतल्या शाळेसमोरचे दुकान बहुतेक वेळा एका शटरचे असते. दर्शनी भागात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाकिटांच्या माळा लोंबत असतात. प्रत्येक पाकीट एका नाण्यात येईल अशा मापाचे. गल्ल्याजवळ बरण्या. मागे शीतपेयाच्या कंपनीने दिलेला फ्रीज, आणि त्यात कंपनीचाच माल वरच्या फळ्यांवर ठेवायचा अशी बोली. दुकानावरची पाटीही कंपनीनेच रंगवून दिलेली. पिण्याचे पाणी फुकट मिळत नाही, विकतचे असते, आणि लहान बाटलीची किंमत गोड पेयाच्या लहान पाकिटाच्या जवळपास. मूल दुकानापाशी थांबते तो सारा वेळ मिनिटभराचा. हातातले नाणे दाखवायचे, बोट दाखवायचे, पाकीट घ्यायचे. निवड वगैरे शब्द आपण वापरतो, पण तिथे निवडायला असते ते एकाच तऱ्हेच्या मालाचे वेगवेगळे रंग.

या एका मिनिटाची मोजदाद फिलाडेल्फियात फार चांगली झाली आहे. तिथे चौथी ते सहावीच्या मुलांना कोपऱ्यावरच्या दुकानातून बाहेर पडताना थांबवून विचारले, काय घेतले, कितीला घेतले. या शाळांतली किमान निम्मी मुले मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र अशा घरांतली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत अशा ८३३ भेटी आहेत. सरासरी खर्च १.०७ डॉलर, वस्तू दोन, आणि त्यांतून मिळालेल्या कॅलरी सुमारे ३५७. निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितले की आपण शाळेच्या दिवसांत रोज एकदा तरी दुकानात येतो. एवढ्या पैशांत इतक्या कॅलरी दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळतात ते बघा, आणि भुकेल्या मुलाने केलेला व्यवहार हिशेबाने चुकीचा होता का ते सांगा. साखर, तेल आणि मैदा यांतून मिळणारी कॅलरी ही बाजारातली सर्वांत स्वस्त कॅलरी असते. फळ, दूध, अंडे यांतून मिळणारी महाग पडते. हा फरक दुकानदाराने तयार केलेला नाही.

दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर हाच माल ठेवणे शहाणपणाचे असते. पाकीटबंद माल महिनोन्‌महिने टिकतो. तो वितरकाचा माणूस दारात आणून देतो, काही ठिकाणी उधारीवर देतो, विकला गेला नाही तर बदलून देतो, वर ‘स्कीम’ देतो. फळे पहाटे बाजारात जाऊन आणावी लागतात, रोख द्यावे लागतात, आणि संध्याकाळी उरलेली फेकावी लागतात. एका शटरच्या दुकानात नासाडी परवडत नाही. भाडे, वीज, घरातली माणसे, सगळे त्याच गल्ल्यावर चालते. दुकानदारांशी बोलताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. त्यांची स्वतःची मुले बहुतेक वेळा त्याच शाळेत असतात. त्यांना बाहेरचा शत्रू समजून काढलेला मोर्चा म्हणूनच लवकर विरतो.

मग सुखवस्तू भागात काय वेगळे असते? पाकिटे तिथेही तीच मिळतात. बरेचदा शाळेजवळच्या मोठ्या दुकानात जास्त प्रकारची मिळतात. पण तिथले मूल शाळा सुटल्यावर गाडीत किंवा स्कूलबसमध्ये बसते, घरी कोणीतरी वाट पाहत असते, किंवा पुढच्या क्लासला जाताना हातात डबा असतो. गरीब घरातले मूल चालत जाते, वाटेत भावंडांना घेते, घरी पोचते तेव्हा आई-वडील कामावर असतात, आणि रात्रीच्या जेवणाला अजून चार-पाच तास असतात. सकाळी घाईत निघताना आईने डब्याऐवजी नाणे हातावर ठेवलेले असते. तिला काळजी नसते म्हणून नव्हे. पहाटेच्या पाळीला निघालेल्या बाईला पोळी लाटायला वेळ नसतो. त्यामुळे दोन मुलांच्या शाळेपासून तेवढ्याच अंतरावर तेवढीच दुकाने असली तरी एक मूल भूक, नाणे आणि मोकळा वेळ या तिन्हींसह त्या दुकानासमोरून जाते आणि दुसरे यांतल्या एकाही गोष्टीशिवाय काचेआडून ते बघते. माझ्या मते विषमता मोजायची तर ही मिनिटे मोजा. दुकाने नंतर.

तुमच्या समितीतल्या एखाद्या सुशिक्षित सदस्याने ‘यांच्या सवयीच वाईट’ असे म्हटले तर अंतरावरचा एक अभ्यास त्यांच्यापुढे ठेवा. कॅलिफोर्नियात नववीच्या मुलांवर केलेला हा अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१० साली आला. शाळेपासून एक दशांश मैल, म्हणजे साधारण १६० मीटरच्या आत फास्ट फूडचे दुकान असेल तर लठ्ठपणाचे प्रमाण किमान ५.२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. पाव मैलावर किंवा अर्ध्या मैलावर असेल तर परिणाम दिसला नाही. हे टक्के मूळ प्रमाणाच्या तुलनेतले आहेत, दर शंभर मुलांमागे पाच मुले असा अर्थ घेऊ नका. सवय हेच कारण असते तर शंभर-दोनशे मीटरने फरक पडला नसता. मूल दुकानाच्या शोधात निघत नाही, वाटेत असेल ते घेते.

मात्र दुसऱ्या बाजूचा पुरावाही लपवू नका, पालिकेतला एखादा अभ्यासू अधिकारी तो तुमच्यापुढे ठेवेलच. त्याच कॅलिफोर्नियात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात घराजवळची-शाळेजवळची दुकाने आणि मुलांचे प्रत्यक्ष खाणे यांत ठोस संबंध आढळला नाही. अमेरिकेतल्या कुटुंबांच्या किराणा खरेदीचा २०१९ साली आलेला मोठा अभ्यास तर सांगतो की गरीब कुटुंबांना श्रीमंतांच्या भागातलाच माल त्याच किमतीत उपलब्ध करून दिला, तरी आहारातली तफावत जेमतेम दहाएक टक्क्यांनी कमी होईल. उरलेली मागणीच्या बाजूची, म्हणजे उत्पन्न, शिक्षण, वेळ, माहिती यांच्याशी जोडलेली. मला हा निष्कर्ष घराच्या महिन्याच्या सामानापुरता पटतो. शाळेच्या गेटपुरता तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण मुलाकडे गाडी नसते, फ्रीज नसतो आणि महिन्याचे नियोजनही नसते. तरी एवढे त्यातून घ्यायलाच हवे की दुकानांचा नकाशा बदलला म्हणून ताटातले आपोआप बदलत नाही.

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागाचा अनुभव याला धरूनच आहे. तो गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीचा भाग. तिथे २००८ साली स्वतंत्र इमारतीतल्या नव्या फास्ट फूड दुकानांवर बंदी आली आणि जगभर कौतुक झाले. काही वर्षांनी, २०१५ साली, मूल्यमापन प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की बंदीच्या भागात जादा वजन आणि लठ्ठपणाचे प्रमाण बाकी शहरापेक्षा जास्तच वाढले. बंदीमुळे वाढले असे कोणी म्हणत नाही, पण बंदीने काही रोखले नाही. जुनी दुकाने होती तशीच राहिली, बाजारसंकुलाच्या गाळ्यात नवी उघडायला मोकळीक होती, आणि त्या भागात खरा वरचष्मा होता तो कोपऱ्यावरच्या छोट्या किराणा दुकानांचा, ज्यांना कायद्याने हातही लावला नव्हता.

लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट या विभागाने २००९ साली शाळांपासून ४०० मीटरमध्ये नव्या टेकअवे दुकानांना परवानगी न देण्याचे धोरण आणले. पुढे अनेक ठिकाणी ते उचलले गेले, २०२१ च्या लंडनच्या आराखड्यात आले आणि २०२४ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातही शिरले. नवी दुकाने थोपवायला हे साधन चांगले आहे. पण ते फक्त नव्यांना लागू असते. ज्या वस्तीत आधीच रांगा लागल्या आहेत तिथे ते उशिरा पोचते, आणि जिथे रांगा नाहीत तिथली शांतता छान राखते. दक्षिण कोरियाने २००८ साली कायदा करून पुढच्या वर्षापासून शाळेच्या २०० मीटर परिसरात खाद्यसुरक्षा क्षेत्रे आखली. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेल्या पदार्थांची विक्री किंवा जाहिरात करता येत नाही. हा नियम पदार्थाबद्दल आहे, विक्रेत्याबद्दल नाही, हे अर्जात ठळक लिहा. नाहीतर होते काय, की कारवाईचा आदेश निघाला की हातगाडी उचलली जाते, कारण ती उचलणे सोपे असते, आणि पक्क्या गाळ्यातली पाकिटांची माळ तशीच लोंबत राहते. उचललेल्या गाडीवर कदाचित उकडलेले शेंगदाणे असतील. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण आहे, नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे, आणि तुमचा अर्ज त्या कायद्याला वळसा घालायला वापरला गेला तर गरीब मुलाच्या नावाने गरीब विक्रेत्याचे पोट मारल्यासारखे होईल.

अंमलबजावणीतल्या या तिरकेपणावर मी जरा जास्त थांबते, कारण धोरण लिहिणाऱ्यांच्या तो सहसा नजरेत येत नाही. इंग्लंडमध्येच २०२२ च्या ऑक्टोबरपासून जास्त साखर-चरबी-मिठाचे पदार्थ दुकानाच्या दाराशी आणि गल्ल्याजवळ मांडायला मनाई आहे. मात्र ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायांना आणि साधारण १८५ चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना त्यातून सूट आहे. सूट देण्यामागचा हेतू चांगला, छोट्या दुकानदाराला जाच नको. पण परिणाम असा की मोठ्या सुपरमार्केटमध्ये जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला संरक्षण मिळाले आणि गल्लीतल्या दुकानात जाणाऱ्याला मिळाले नाही. दुकानाच्या पातळीवर लावलेला जवळजवळ प्रत्येक नियम असा वागतो. जिथे तक्रार करणारे, वेळ असणारे, अधिकाऱ्याला ओळखणारे रहिवासी असतात तिथे तो पाळला जातो. बाकी ठिकाणी तो कागदावर राहतो किंवा हप्त्याचे निमित्त होतो.

याउलट जे उपाय माल दुकानात येण्याआधीच काम करतात ते वस्ती बघत नाहीत. ब्रिटनने २०१८ च्या एप्रिलपासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तेव्हा कर लागू नये म्हणून कंपन्यांनी पेयांतली साखरच कमी केली. तेच पेय श्रीमंत भागातही जाते आणि गरीबही. चिलीने २०१६ साली जास्त साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, शाळांत त्यांची विक्री बंद केली आणि मुलांना उद्देशून जाहिरातींवर बंधने आणली. त्यानंतरच्या दीड वर्षात गोड पेयांची घरगुती खरेदी २३.७ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. फिलाडेल्फियात तर दोन्ही प्रकारची तुलना एकाच शहरात करता येते. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानांमध्ये आरोग्यदायी माल ठेवायला मदत करण्याचा प्रयोग नीट दोन गट पाडून तपासला गेला. २०१४ साली आलेल्या निष्कर्षात मुलांच्या खरेदीतल्या कॅलरींमध्ये फरक पडल्याचे दिसले नाही. पुढे २०१७ साली शहराने गोड पेयांवर प्रतिऔंस दीड सेंट कर लावला. साखळी दुकानांमधली अशा पेयांची विक्री ५१ टक्क्यांनी घसरली, आणि शहराच्या सीमेपलीकडे जाऊन केलेली खरेदी वजा धरली तरी घट ३८ टक्के होती. दुकानदाराला सफरचंदाची टोपली देणे मनाला बरे वाटते, फोटोही चांगला येतो.

हे कर आणि शिक्के तुमच्या समितीच्या हातात नाहीत, हे मला कळते. तुमच्या हातात जे आहे ते शाळेच्या गेटच्या आत आहे. सरकारी किंवा मोफत भोजन कोणत्या वयाला थांबते ते बघा. भारतात प्रधानमंत्री पोषण योजनेचे जेवण आठवीपर्यंत आहे. इंग्लंडमध्ये सगळ्या मुलांना मोफत जेवण २०१४ पासून फक्त पहिल्या तीन इयत्तांना आहे, पुढे ते घरच्या परिस्थितीवर अवलंबून. फिनलंडने १९४८ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला जेवण दिले, श्रीमंत-गरीब न पाहता. हा अपवाद. बहुतेक ठिकाणी सार्वजनिक जेवण संपते नेमके त्या वयात, ज्या वयात मूल एकटे चालत जाऊ लागते, हातात पैसे येऊ लागतात आणि शरीराची वाढ जोरात असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या दिवसात इथे एक मोठी पोकळी पडते आणि समोरचे दुकान ती भरून काढते. तुमच्या शाळेत ही पोकळी किती तासांची आहे ते आधी लिहून काढा: शेवटचे धड जेवण किती वाजता झाले, शाळा कधी सुटते, घरी पुढचे जेवण कधी.

लठ्ठपणावर सगळा भर देऊ नका, हेही सांगते. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार ५ ते १९ वयोगटात जगभरात लठ्ठ मुलांचे प्रमाण ९.४ टक्के झाले आणि कमी वजनाच्या मुलांच्या ९.२ टक्क्यांना त्याने पहिल्यांदाच मागे टाकले. पण दक्षिण आशिया आणि सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका याला अपवाद आहेत. अशा भागांत तेच पाकीट एका मुलाचे वजन वाढवते आणि दुसऱ्याचे जेवण मारते. हडकुळे, रक्त कमी असलेले मूल दुपारी वेफर्सवर भागवत असेल तर वजनकाट्यावर त्याची तक्रार उमटत नाही. फक्त जाड मुले शोधायला निघालात तर ते तुमच्या पाहणीतून निसटेल. शिवाय वर्गात मुलांना चिडवण्याचे नवे निमित्त मिळेल ते वेगळेच.

आता तुमच्या कामाची आखणी. आपली एकच शाळा मोजू नका, शहराच्या दुसऱ्या टोकाची, वेगळ्या आर्थिक परिस्थितीतली एक शाळा त्याच पद्धतीने, त्याच वारी, त्याच वेळी मोजा. तुलना नसेल तर अर्जातला ‘जास्त’ हा शब्द कशापेक्षा ते सांगता येणार नाही. दुकानांची यादी करताना प्रत्येकाचा प्रकार, चालण्याच्या वाटेवरचे अंतर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर काय मांडले आहे, सर्वांत स्वस्त तीन वस्तू कोणत्या, आणि पाणी फुकट मिळते का, एवढे लिहा. जाहिराती वेगळ्या मोजा. कंपनीने रंगवलेल्या पाट्या बऱ्याचदा दुकानांपेक्षा जास्त निघतात, आणि त्या उतरवल्याने कोणाचा रोजगार जात नाही. मुलांकडून माहिती घ्यायची तर नावे लिहू नका, घरच्या उत्पन्नाबद्दल विचारू नका. ‘काल शाळा सुटल्यापासून जेवेपर्यंत काय खाल्ले आणि ते कुठून आणले’ हा एक प्रश्न पुरे. मोठ्यांच्या हजेरीत मुले शहाणी उत्तरे देतात, म्हणून चिठ्ठीवर लिहून घ्या.

त्याच वहीत शाळेचाही एक पान हिशेब असू द्या. पिण्याच्या पाण्याचे नळ चालतात का, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना पाणी पिऊन व्हायला किती वेळ लागतो? मधली सुट्टी इतकी आखूड आहे का की डबा अर्धा उरतो? वार्षिक क्रीडास्पर्धांना प्रायोजक कोण असतो? कॅन्टीन ठेक्याने दिले असेल तर ठेकेदाराला कोणता माल विकून परवडते? गेटबाहेरच्या दुकानाविरुद्ध अर्ज करणाऱ्या शाळेच्या स्वतःच्या कॅन्टीनमध्ये तीच पाकिटे दीडपट किमतीला मिळत असतील तर पालिकेतला कारकूनही हसेल.

मागण्यांचा क्रम कसा लावायचा, हे मला विचाराल तर सर्वांत वर मी शाळा सुटण्याच्या सुमाराला मिळणारे काहीतरी पोटभरीचे ठेवीन. मोठ्या इयत्तांसाठी, फुकट किंवा नाण्यात येईल अशा किमतीत. ते सर्वांना एकाच खिडकीतून मिळावे. गरीब मुलांची वेगळी रांग केली तर ज्यांना खरी गरज आहे तीच मुले लाजेने दुकानाकडे वळतात. त्याखाली पाणी. मग कंपन्यांच्या पाट्या आणि गेटसमोरची जाहिरात. त्यानंतर नवीन परवान्यांवर मर्यादा. असलेली दुकाने आणि हातगाड्या हटवण्याची मागणी मी घालणारच नाही. त्याऐवजी ज्या विक्रेत्यांना माल बदलायचा आहे त्यांना गेटजवळची जागा, पालिकेचे पाणी आणि उरलेला नाशवंत माल शाळेने रोज ठरलेल्या भावाने उचलण्याची हमी मागा. फळे-अंडी-शेंगदाणे विकणाऱ्याचे नुकसान संध्याकाळच्या उरलेल्या मालात असते. ते कमी झाले तर तो टिकेल. नुसते प्रबोधन करून टिकणार नाही.

वर्षभरानंतर पुन्हा मोजाल तेव्हा दुकानांची संख्या तीच असेल तर निराश होऊ नका. चिठ्ठीवरच्या त्याच एका प्रश्नाची उत्तरे बदलली का ते पाहा, आणि दोन शाळांमधले अंतर घटले का ते पाहा. आपल्या शाळेची परिस्थिती सुधारली पण दुसऱ्या टोकाच्या शाळेची त्याहून जास्त सुधारली, असेही होते. बऱ्याच चांगल्या मोहिमांचा फायदा आधीच बऱ्या स्थितीत असलेल्यांना आधी मिळतो.

दुकानदारांना बैठकीला बोलवावे की नाही, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. बोलवा, आणि पहिल्याच बैठकीला बोलवा. कोणत्या वाजता काय विकले जाते, कोणती मुले उधारीवर नेतात, कोणता माल वितरक गळ्यात मारतो, ही माहिती शहरात त्यांच्याशिवाय कोणाकडे नाही. ठराव झाल्यावर बोलावलेत तर ते मान डोलावून निघून जातील आणि यातले काहीही तुम्हाला सांगणार नाहीत.